भात सोडायचा शब्द मी दिला नव्हता

ज्यांना सर्जनने 'आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन' असं सांगून घरी पाठवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी त्यातून गेलोय. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. माझा धंदा जुन्या हॉटेल-सामानाचा. एखादं हॉटेल बंद पडलं की त्याचं अख्खं किचन मी उचलतो, म्हणजे कणीक मळायची मशीन, डीप फ्रीजर, भट्ट्या, स्टीलची टेबलं, आणि नवीन हॉटेल काढणाऱ्याला विकतो. भांडुपला गाळा आहे. गिरणी बंद पडली आणि वडील रिकाम्या हाताने घरी आले तेव्हा मी शाळेत होतो. पुढचं सगळं मी माझ्या तोंडाच्या जोरावर उभं केलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की आजवर माझा सौदा दुसऱ्या कोणी केलेला नाही. एकदाच झाला. तो माझ्या सख्ख्या भावाने केला, मला न विचारता, आणि तोही देवापुढे. त्याचा राग अजून पोटात आहे. बाकी पोटातलं बरंच काही गेलं.

*

बेंबीच्या वर लिंबाएवढी गाठ यायची. आडवा झालो की आत, उभा राहिलो की बाहेर. एक जड मशीन उचलताना पहिल्यांदा आली होती. मी अंगठ्याने ढकलून कामाला लागायचो. बायकोने, वर्षाने, एकदा शर्ट बदलताना ती पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी मला मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं.

सर्जन तरुण होता. हात धुता धुताच बोलला, "हर्निया आहे. आतडं बाहेर डोकावतंय. ऑपरेशन लागेल."

"कधी करूया?"

"आत्ता नाही. पोटावर एवढी चरबी आणि रक्तात एवढी शुगर, टाके धरणार नाहीत. जखम पिकली तर पुन्हा सगळं उघडावं लागेल. वीस किलो उतरवा, शुगर ताब्यात आणा, मग या."

मी म्हटलं, "दहा करा."

"काय दहा?"

"किलो. दहावर बसूया."

वर्षाने कपाळाला हात लावला. डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "भाव फिक्स आहे," म्हणाला. मग हसणं थांबवून त्याने खुर्ची पुढे ओढली. "नीट ऐका. ही गाठ आत जायची थांबली, कडक झाली, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या, तर कोणाची वाट बघायची नाही. सरळ इथे यायचं. आतडं अडकून त्याचं रक्त बंद झालं तर फार वेळ मिळत नाही."

म्हणजे ऑपरेशन केलं तर धोका, नाही केलं तर धोका. मधला रस्ता वजनाचा, आणि तो किती लांब ते माहीत नाही. बाहेर येऊन मी रिक्षाला हात केला. वर्षा काहीतरी बोलत होती. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

*

घरी पोचल्यावर मी तिला बजावलं, "कोणाला सांगायचं नाही. दादाला तर अजिबात नाही."

आमच्या धंद्यात समोरच्याला तुमची अडचण कळली की तुम्ही संपलात. हॉटेलवाल्याला जागा खाली करायची घाई आहे हे मला कळलं की मी त्याला माझ्या भावात कसा बसवतो ते मलाच माहीत. आता माझीच अडचण शर्टाखाली घेऊन मी फिरत होतो. शिंक आली तरी हात पोटावर जायचा. टेम्पो खड्ड्यात आदळला की मी आधी गाठ चाचपायचो, मग माल. संडासात जोर करायचीही भीती. रोज सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे अंगठ्याने दाबून बघायचं, आत जातेय ना. गेली की दिवस सुरू.

हॉस्पिटलने आहारवाल्या मॅडमकडे जायला सांगितलं होतं. मी गेलो नाही. खाऊ नका हे सांगायला माणूस कशाला लागतो?

*

आमचा गणपती दादाकडे, दिंडोशीला. दादा माझा थोरला भाऊ. एका शाळेत क्लार्क होता, आता रिटायर. अंगाने काडी, पण आवाज असा की आरतीला माईक लागत नाही. आम्ही कुडाळकडचे. आमच्यात गणपती बसला की घरातला मोठा गाऱ्हाणं घालतो. म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो, काय हवं ते मागतो, बदल्यात काय करू ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात. एकदा सगळ्यांनी होय म्हटलं की तो शब्द पक्का. तो मोडायची छाती आमच्या घरात कोणाची नाही. माझीही नाही, हे कबूल करतो.

त्या वर्षी दादाने नेहमीसारखी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरांनी जी काय येडीवाकडी सेवा केली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या आमच्या धाकट्याच्या पोटात जो काय आजार इलो आसा, त्येच्यातसून तेका सुखरूप भायर काढ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

माझे हात जोडलेलेच राहिले. सगळी खोली माझ्या पोटाकडे बघत होती. तेवढ्यात दादा पुढे म्हणाला, "ऑपरेशन होयसर हो धाकटो भाताच्या शिताक हात लावचो नाय, असो शब्द आमी तुका देतंव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चुलत्यांनी म्हटलं, त्यांच्या सुनांनी म्हटलं, पोरांनी म्हटलं. वर्षानेही म्हटलं. ऑपरेशन होईपर्यंत माझा भात बंद, आणि होय न म्हणणारा मी एकटा.

प्रसाद वाटून होईपर्यंत मी दम धरला. मग दादाला गॅलरीत ओढला. आम्ही भाऊ भांडायला लागलो की मालवणीवर येतो.

"माका इचारलंस काय रे?"

"तुका इचारून काय उपेग? तू देवाकडेय घासाघीस करतलंस."

"माझो सौदो तू कोण करणारो?"

"हळू बोल. पाव्हणे आसत."

"पाव्हण्यांका सगळा सांगून झाला, आता हळू कशाक?"

आतून पानं मांडल्याचा आवाज आला. माझ्या पानावर वाल होते, अळूची भाजी होती, काळ्या वाटाण्याची आमटी होती. भात नव्हता, मोदक नव्हता. वाढणारी सून नजर चुकवून पुढे गेली. मी पानावरून उठलो आणि भांडुपला आलो. दादाशी बोलणं बंद.

*

आता माझी चूक सांगतो. ती तुम्ही करू नका.

दादाने माझ्या नावाने भात सोडला होता ना? मग मी त्याच्या नाकावर टिच्चून सगळंच सोडलं. भात, पोळी, भाकरी, पाव, बटाटा, साखर, फळ, दूध, सगळं. त्याने एक बोली लावली, मी चौपट लावली. सकाळी दोन अंडी, दुपारी तळलेला बांगडा, तोही रव्याशिवाय, रात्री भाजी. माशाची कढी वाटीत घेऊन चमच्याने प्यायचो. मालवणी माणसाने कढी चमच्याने पिणं म्हणजे काय ते मालवणी माणसालाच कळेल. वजन भराभर उतरलं आणि मी मिशीतल्या मिशीत हसू लागलो.

शुगरच्या गोळ्या मात्र आधीच्याच चालू ठेवल्या. पोटात साखर जातच नव्हती, आणि गोळ्या असलेली साखर खाली ओढत होत्या. कोणाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण मी कोणाला विचारणार?

अंधेरीला एक उडुपी हॉटेल बंद होत होतं. मालक शेट्टी मुरलेला माणूस. आम्ही दोघं किचनमध्ये उभे राहून एकेका वस्तूवर अडत होतो. मधेच माझ्या हाताला कंप सुटला. घाम फुटला. शेट्टीचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कुठूनतरी लांबून येत होते. त्याने सगळ्या सामानाचा आकडा सांगितला आणि मी म्हणालो, "ठीक आहे."

पहिल्याच भावाला मी आयुष्यात कधी ठीक आहे म्हटलेलं नाही. शेट्टीला तिथेच संशय आला. पुढचं मला नीट आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी तुपाच्या उपड्या डब्यावर बसलो होतो आणि तो चहाबरोबर द्यायच्या साखरेच्या पुड्या काउंटरच्या खणातून काढून, फाडून माझ्या तोंडात ओतत होता.

"गिळा. माझ्या आईला असंच व्हायचं. शुगर आहे ना तुम्हाला?"

मी मान हलवली. हात आधी पोटावर गेला. गाठ होती तिथेच होती, मऊ होती. थोड्या वेळाने डोकं ठिकाणावर आलं तसं मी म्हटलं, "तो मघाचा भाव..."

"तो मी धरत नाही," शेट्टी म्हणाला. "बेशुद्ध माणसाचं होय मी घेत नाही. बरे व्हा, मग पहिल्यापासून भांडू."

मला डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं. साखरेमुळे असेल. माझ्या तोंडी त्याने होय घातलं नाही, घातलेलं परत दिलं. परका माणूस. आणि माझ्या घरचे?

*

दुसऱ्या दिवशी मी आहारवाल्या मॅडमसमोर बसलो. ग्रेसी मॅडम गोराईच्या. कपाळावर आठ्या, आवाजात धार.

"गोळ्या कमी करायच्या का, ते कोणाला विचारलं?"

"कमी केल्याच नाहीत."

"तेच विचारते! खाणं एवढं तोडलं आणि डॉक्टरला सांगितलं नाही? मरायचं होतं काय?"

त्यांनी माझ्यासमोरच शुगरच्या डॉक्टरला फोन लावला. एक गोळी बंद झाली, दुसरी अर्धी झाली. मग ताट नव्याने ठरलं. भात-पोळी नाहीच, पण ताक घ्यायचं, मूठभर शेंगदाणे, भरपूर पालेभाजी, मासे आणि अंडी पोटभर, मिठात कंजुषी नाही, पाणी वेळेवर. आणि दर शनिवारी गटात यायचं.

गट म्हणजे वजनामुळे ऑपरेशन अडलेली आम्ही माणसं. फिजिओथेरपीच्या खोलीत खुर्च्या मांडून बसायचो. प्रत्येकाला एक जोडीदार. काही चुकीचं खावंसं वाटलं तर तोंडात घालायच्या आधी जोडीदाराला फोन करायचा, एवढाच नियम. माझा जोडीदार हसमुखभाई. घाटकोपरचे, साड्यांचं दुकान, दोन्ही गुडघे बदलायचे होते. जैन. त्यांना मासे नाहीत, अंडी नाहीत, कांदा-लसूण नाही, गाजर-मुळा नाही.

मी म्हटलं, "मग तुम्ही खाता काय?"

"पनीर," ते म्हणाले. "सकाळी पनीर, दुपारी पनीर. आता माझी बायको मला पनीरसारखी दिसते."

एकदा भर दुपारी त्यांचा फोन आला. आवाज दबलेला. "मी फरसाणच्या दुकानासमोर उभा आहे. गरम फाफडा काढतोय तो."

"मागे फिरा."

"एकच खातो ना, यार."

"हसमुखभाई, एक खाल्लात की तुम्ही पाव किलो घेणार. मी व्यापारी आहे, मला शिकवू नका."

फोनमधून रस्त्यावरचे हॉर्न. मग, "वळलो. तू फोन ठेवू नको, घरी पोचेपर्यंत बोल." मी बोलत राहिलो. कशाबद्दल ते आठवत नाही, बहुतेक दादाला शिव्या दिल्या असतील. उलट माझे फोनही त्यांना जायचेच. कोणाच्या घरून भाताचा वास आला की मी गाळ्यावर जाऊन त्यांना फोन लावायचो. ते एकच विचारायचे, "शब्द कोणाचा?" मी म्हणायचो, "भावाचा. माझा नाही." ते म्हणायचे, "मग मोडला तर भाव त्याचा पडेल. तुझं काय जातंय? खा." आणि त्यांनी खा म्हटलं म्हणूनच मी मुद्दाम खायचो नाही. हसमुखभाई माझ्यापेक्षा जुने व्यापारी.

*

घरातलंही सांगायला हवं. वर्षाने माझ्याबरोबर भात सोडला. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. कुकर माळ्यावर गेला. माझं डोकं सारखं फिरलेलं असायचं. भाजीत तेल कमी का, ताक आंबट का, यावरून ताटं आपटली. एकदा तीही पेटली.

"माझंही पोट आहे. मी पण रोज तेच गिळते. कधी विचारलंत?"

"तुला कोणी सांगितलं होतं गिळायला?"

"नाही ना सांगितलं? न सांगता करतात माणसं एकमेकांसाठी. तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा सौदाच लागतो!"

दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. ज्यांच्या घरात असं चाललं असेल त्यांना एवढंच सांगतो, ते पथ्याचं भांडण नसतं. दोघंही घाबरलेले असतात.

*

वजन सर्जनच्या आकड्याच्या अगदी जवळ आलं होतं. एका रविवारी दुपारी मला खोकल्याची उबळ आली. खोकला थांबला आणि मी सवयीने अंगठा लावला. गाठ आत गेली नाही. आडवा होऊन बघितलं. नाही गेली. दगडासारखी लागत होती, आणि दाबताच कळ थेट पाठीत गेली.

"वर्षा," मी हाक मारली. तिने माझा चेहरा बघितला आणि काही विचारलं नाही. पिशवी तिने भरूनच ठेवलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

रिक्षात मला मळमळत होतं. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी दात आवळत होतो. कॅज्युअल्टीत माझे पाय उंच करून झोपवलं, सलाइन लावलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं. सर्जनला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत छतावरच्या पंख्याकडे बघत मी एकच हिशोब करत होतो. एवढं सोडलं, एवढं सोसलं, आणि आता काठावर येऊन बुडणार?

पडदा सरकला. बघतो तर दादा. दिंडोशीहून कसा आला कोण जाणे, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. गणपतीनंतर आम्ही बोललो नव्हतो.

"दुखता?"

"नाय."

"खोटा बोलतंस."

मी तोंड फिरवलं. तो पायापाशी आला.  नुसता माझ्या पायाच्या अंगठ्याला धरून उभा.

सर्जन आला. त्याने मला श्वास सैल सोडायला सांगितला आणि दोन्ही हातांनी गाठ चारी बाजूंनी गोळा करत, न घाई करता, दाबत राहिला. मी ओरडलो. दादाची माझ्या अंगठ्यावरची पकड घट्ट झाली. आणि मग पोटात काहीतरी गुडगुडलं, घसरलं, आणि गाठ आत गेली.

"गेलं," सर्जन म्हणाला आणि त्यानेही श्वास सोडला. "आतडं ठीक असावं, पण आता घरी सोडत नाही. रात्रभर लक्ष ठेवू, उद्या तपासण्या, लगेच ऑपरेशन."

मी म्हटलं, "वीस अजून झाले नाहीत."

"जेवढं उतरवलंत तेवढ्यात टाके धरतील. उरलेल्याची माझ्याकडून सूट," तो म्हणाला. "सुरुवातीच्या पोटावर ही वेळ आली असती, तर मी एवढ्या शांतपणे बोलत नसतो."

*

दादा चहाला खाली गेला तेव्हा मी वर्षाला म्हटलं, "ह्याला कोणी बोलावलं? गणपतीतही तूच सांगितलं होतंस ना?"

"मीच सांगितलं."

"बजावलं होतं तुला."

"आजार सांगितला, आणि शब्दही मीच घालायला सांगितला." ती माझ्या डोळ्यांत बघत होती. "दादा नको म्हणत होते. म्हणाले, तो माझं तोंड बघणार नाही. मी म्हटलं, नाही बघितलं तर चालेल. तुम्ही प्रेमाने काही करत नाही, भीतीनेही करत नाही. कोणाला तरी दाखवून द्यायचं असलं तरच करता. माझ्यावर चिडला असतात तर घरात जगणं कठीण झालं असतं. म्हणून ते म्हणाले, माझ्यावर चिडू दे."

मी आयुष्यभर लोकांना ओळखून सौदे केले. मला घरातल्या बाईने ओळखून बसवलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. आधी संताप आला. तो बाहेर काढायला पोटात जोर नव्हता. 

ऑपरेशन झालं. त्यातलं माझ्या वाट्याला फक्त भूल उतरतानाची थंडी आणि पहिल्यांदा खोकताना पोटाशी धरायची उशी. नर्सने ती घडी करून कशी धरायची ते शिकवलं. ती उशी विसरू नका, फार कामाची आहे. हसमुखभाई काठी टेकत आले आणि माझ्या टेबलावर पनीरचा डबा ठेवून गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर दादा बसलेला असायचा. आम्ही हवापाण्याचं बोलायला लागलो.

*

दिलेला शब्द पुरा झाला की तो देवापुढे सोडवून घ्यावा लागतो, आणि ज्याने घातला त्यानेच सोडवायचा. टाके सुकल्यावर आम्ही दिंडोशीला गेलो. मी दादाला आधीच सांगितलं, "ह्या वेळी काय बोलायचं ते मी सांगणार. एक अक्षर जास्त नको."

"सांग," दादा म्हणाला.

ग्रेसी मॅडमशी मी आधीच भांडून घेतलं होतं. मी रोजचा भात मागितला होता, त्यांनी आठवड्यातून एकदा, एक लहान मूद दिली होती. त्याच्यावर त्या हलल्या नाहीत. दादाने देव्हाऱ्यासमोर हात जोडले. "बा देवा म्हाराजा! धाकट्यान शब्द पाळल्यान, तू तुझो पाळलंस. आता आठवड्यात एकदा, एक ल्हान मूद, त्येच्या वयर नाय, असो शब्द..." आणि तो थांबला. मागे वळून माझ्याकडे बघत राहिला. 

"होय म्हाराजा," मी म्हटलं. बाकीचे माझ्या मागून म्हणाले.

दादाला मी माफ केलेलं नाही. विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे, आणि विषय निघाला की अजून आमचं वाजतं. पण त्या दुपारी मी त्याच्या शेजारी बसलो. वर्षाने वाटीने मूद पाडली. वाटी चटणीची होती. मी मुदीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"अजून थोडा?" मी विचारलं.

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "भाव फिक्स आहे," म्हणाली.

मी कढी ओतली आणि हाताने कालवून जेवलो.